वडगाव, आडनावासकट

आप्पा, तुमच्या दहाव्याच्या निरोपात मी नुसतं ‘वडगाव’ लिहिलं. ‘रासाई’ राहिलं.

एवढं एकच काम होतं माझ्याकडं. घाट, गुरुजी, जेवणाचं सामान, मंडप, सगळं भावकीनं वाटून घेतलं होतं. नानाकाका म्हणाले, “बाळूला त्रास देऊ नका, त्याला सोपं कायतरी द्या.” मग मोबाइलवर एक मेसेज लिहायचा आणि सगळ्या पाहुण्यांना सोडायचा, हे सोपं काम मला मिळालं. मी लिहिलं: ‘आप्पांचा दहावा, सोमवारी सकाळी, वडगाव, नदीच्या घाटावर.’ वाचून बघितलं, बरोबर वाटलं, सोडून दिलं. तुम्ही असता तर त्या स्वल्पविरामापाशीच रिक्षाचं इंजिन बंद करून माझ्याकडं बघितलं असतं.

सोमवारी सकाळी आपल्या घाटावर निम्मीच माणसं. दौंडाकडची निम्मी नदीच्या पल्याड, वडगाव बांडे नावाच्या दुसऱ्याच गावाच्या काठावर, टोप्या काढून गंभीर चेहऱ्यानं उभी. तिथल्या एका भल्या माणसानं त्यांना बसायला सतरंजी दिली आणि विचारलं, “गेलं कोन?” नाव सांगितलं तर तो म्हणाला, “ह्या नावाचं आमच्यात कोन न्हाई. आमच्या गावातलं मानूस मेलं आन् आमालाच ठाव न्हाई व्हय?” त्यावर दोन्ही बाजूंनी बराच वेळ चर्चा झाली म्हणे. मग कुणीतरी मला फोन लावला.

आज सगळे पांगले. ओट्यावर मंडपवाल्याच्या खुर्च्यांची थप्पी आहे, चहाचं मोठं पातेलं उलटं घातलंय, माझं डोकं अजून गार लागतं. दहा दिवस इतक्यांदा ‘कसं झालं, काय झालं’ सांगितलं, की तुमचं जाणंसुद्धा मला दुसऱ्याची ऐकीव गोष्ट वाटायला लागलंय. झोप येत नाही आणि उठून बसायलाही होत नाही. म्हणून तुमच्याशी बोलतोय. तुम्ही घरात काही उत्तर द्यायचा नाहीतच, तेव्हा फार फरक पडला असं नाही.

शाळेत कुणी विचारलं, ‘तुझे वडील काय करतात?’ तर मी सांगायचो, ‘बोलतात.’ खोटं नव्हतं. रिक्षाच्या टपावर भोंगा, मागच्या सीटवर मशीन आणि बॅटरी, हातात माईक. शिरूरच्या स्टँडाबाहेर रिक्षा लावायची आणि जो बोलावील त्याचं बोलायचं. आज कुस्त्या, उद्या चादरींचा सेल, परवा पोलिओचा डोस, हरवलेली म्हैस, आणि मधूनमधून कुणाचं तरी दुःखद निधन. शिरूरपासून दौंडापर्यंत तुमचा आवाज ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. आणि घरात तुम्ही पाणी मागायचात ते तांब्याकडं बोट करून. आई म्हणायची, “जगाला सांगून सांगून दमलं मानूस, आता आमच्यासाठी खानाखुना.”

मी बारावीला दुसऱ्यांदा आपटलो त्या उन्हाळ्यात तुम्ही एका सकाळी अंगणातून हाक मारलीत, “चल. दिसभर मागं बस. बघ मी काय करतो ते.” मला वाटलं, शिक्षा आहे. आई म्हणाली, “शिक्षाच हाय, पन कुनाला ते संध्याकाळी कळंल.”

त्या दिवशी आपल्याच गावात डोळे तपासणीचं शिबिर होतं. पुण्याहून डॉक्टर येणार होते. दिवस मावळायच्या आत परत जाणार होते. ज्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू निघेल त्यांना ऑपरेशनसाठी दौंडला नेणार होते. तुम्हाला सकाळभर नदीपलीकडच्या गावांत फिरून म्हाताऱ्यांना गोळा करायचं होतं.

पहिल्या गावात मी तुम्हाला काम करताना पहिल्यांदा बघितलं. त्याआधी फक्त ऐकलं होतं. तुम्ही पारापाशी रिक्षा थांबवली आणि आधी इंजिन बंद केलंत. मी म्हणालो, “आप्पा, चालता चालता बोललं तर जास्त गावं होतील.” तुम्ही म्हणालात, “चालत्या गाडीतनं बोललेलं निम्मं रस्त्यात सांडतं.” मग दाढेत लवंग धरलीत. कुत्री भुंकून थकेपर्यंत थांबलात. आणि बोललात, एकदा पारावरच्या बाप्यांकडं तोंड करून, एकदा घरांकडं तोंड करून. मी विचारलं, दोनदा कशाला? “बायका पारावर येत्यात का?” म्हणालात. बस्स. एवढंच शिक्षण. त्या दिवसाआधी तुम्ही माझ्याशी सलग इतकी वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

दुसऱ्या गावाच्या वेशीवर तुम्ही माईक माझ्या हातात दिलात. “घसा बसलाय. तू बोल.” आणि शिबिराचं हँडबिल दिलंत.

मला तेव्हाच शंका यायला पाहिजे होती. कारण अर्ध्या तासापूर्वी पंक्चरवाल्याशी तुम्ही जे भांडलात, ते बसलेल्या घशाचं काम नव्हतं. पण मला कुठलं भान! हातात माईक, टपावर भोंगा, पारावर सगळं गाव. मी खाकरलो तर ते खाकरणंसुद्धा वेशीपर्यंत गेलं. मी कुत्र्यांसाठी थांबलो, दोनदा बोललो, दोन्हीकडं तोंड केलं. लोक एकमेकांना म्हणत होते, “आप्पांचाच आवाज. सर्दी झालीया जनू.” मी फुगलो. तुम्ही हँडलवर हात ठेवून समोर बघत होता, पण तुमचा लवंगेचा गाल हलायचा थांबला होता. ऐकत होता तुम्ही. त्या गावात मी सगळं बरोबर वाचलं.

पुढच्या गावांत मी हँडबिल बघायचं सोडून दिलं. पाठ झालं होतं ना! तुम्हीही मग निर्धास्त होऊन, रिक्षा लावून कुणाशी तरी बोलायला, पाणी प्यायला लांब जात होता. आणि पाठ झालेल्या त्या बोलण्यातून ‘रासाई’ कुठं गळालं, मला आजही सांगता येणार नाही. घरात आपण कुणी ‘वडगाव रासाई’ म्हणतो का? ‘वडगावला चाललो,’ ‘वडगावहून आलो.’ आपल्या माणसाला आपण आडनावानं हाक मारत नाही, तसंच ते. बाकी जगात वडगावं किती आहेत, ह्याचा मी त्या वयापर्यंत कधी विचारच केला नव्हता.

दुपारी आपण शिबिरावर परतलो. शाळेच्या वर्गात डॉक्टर बसलेले, बाहेर आपल्या गावातली म्हातारी माणसं रांगेत, आणि पल्याडचं कुणीच नाही. तुम्ही रस्त्याकडं बघत उभे राहिलात. मला म्हणालात, “काय सांगितलंस?” मी म्हणालो, “सगळं सांगितलं.” तेवढ्यात किटल्या लावलेल्या मोटारसायकलीवरून एक दूधवाला आला आणि ओरडला, “आप्पा, त्या बांड्याच्या वडगावात देवळापाशी म्हातारीकोतारी बसल्यात. डाक्टर कवा येनार म्हून मला इचारत्यात. मी म्हनलं, मी दूधवाला हाय.”

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. फार वेळ नाही. मग आत जाऊन डॉक्टरांना काहीतरी म्हणालात, आणि येऊन रिक्षाला किक मारलीत.

पुलावरून वळसा घालून आपण पल्याड गेलो. तिथं देवळाच्या सावलीत ती सगळी बसलेली. कुणी बैलगाडीतून आलेलं, कुणी नातवाच्या सायकलवर, कुणी चालत. भाकरीची फडकी सोडून खाऊनही झालं होतं. तुम्ही रिक्षा लावलीत, इंजिन बंद केलंत, कुत्र्यांसाठी थांबलात. मला वाटलं, आता म्हणतील, माझी चूक झाली. सिनेमात बाप असं म्हणतात. तुम्ही माईक तोंडाला लावलात आणि तुमच्या त्या ठेवणीतल्या, निधनाच्या आवाजात म्हणालात, “समस्त मंडळींना कळवन्यात येतं की चूक झाली ती ह्या बाळूची. हा माझाच पोरगा. बारावीला दोनदा बसला. गाव वडगाव रासाई. शिबिर बी वडगाव रासाईलाच हाय. समद्यांना गाडीतनं न्हेतो.”

आणि मग घरांकडं तोंड करून पुन्हा तेच. सगळं. बारावीसकट.

हौसाबाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या तिथं. दौंडाजवळच्या वस्तीवरच्या, मेंढरांमागं आयुष्य गेलेल्या. डोळ्यांवर साय आल्यासारखं पांढरं. हात कपाळाला लावून त्यांनी मला खालून वर बघायचा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, “तू व्हय रं त्यो? आवाज बापाचा हाय. अक्कल कुनाची?” तुम्ही हसलात आप्पा. तोंड फिरवलंत, पण मी बघितलं.

मग खेपा. मशीन माझ्या मांडीवर देऊन, टपावरच्या भोंग्याला दोरीनं आवळून, तुम्ही त्या माणसांना भरून भरून आणत होता. ऊन कलत होतं. डॉक्टरांच्या माणसानं खोकी बांधायला काढली होती. शेवटच्या खेपेला हौसाबाई राहिल्या आणि अडून बसल्या. “ह्यो गाडीत आसंल तर मी न्हाई बसायची. आता कुठं न्हेनार, नगरला?” मी उतरलो. पुन्हा तिकडं आलेल्या त्या दूधवाल्याच्या मागं, दोन रिकाम्या किटल्यांच्या मध्ये पाय फाकून, अख्ख्या रस्त्याला दिसत गावात आलो. तोवर तुम्ही शाळेपुढं रिक्षा आडवी लावून भोंग्यावरून सांगत होता, “डाक्टरसायेब, येक आजी राहिल्यात. गाडी जरा मागं घ्या.” मागं घ्या कसलं? तुमच्या रिक्षामुळं त्यांची गाडी फाटकातून बाहेरच पडू शकत नव्हती.

हौसाबाईंना तपासलं. मोतीबिंदूच होता. पुढं ऑपरेशन होऊन त्यांना दिसायला लागलं, हे तुम्हीच मला सांगितलंत. पण त्या संध्याकाळी डोळ्यात थेंब घालून त्या वर्गाबाहेर बसल्या होत्या. मी पाणी घेऊन गेलो. “कोन हाय?” “मी बाळू.” “कुठल्या वडगावचा?” मी म्हणालो, “रासाई.” म्हणाल्या, “आता आलं तोंडात.”

आणि आत काय झालं, ते मी खिडकीतून बघितलं, हे तुम्हाला कधी कळलं नाही. खोकी बांधता बांधता डॉक्टरांचा माणूस तुम्हाला म्हणाला, काका, दिवसभर पळताय, तुमचेही बघू. तुमच्या हातात बारीक अक्षरांचा तक्ता दिला. तुम्ही तो लांब धरलात. आणखी लांब. आणखी. शेवटी तो म्हणाला, “काका, हात संपला.”

तेव्हा मला उमगलं, घसा का बसला होता ते. पहिल्या गावात ऐकीव माहितीवर निभावलं होतं, पण हँडबिल वाचता येत नव्हतं तुम्हाला. चाळिशी लागली होती, एवढंच. लांबचं ठणठणीत होतं. पण चष्मा घ्यायचा नव्हता. त्या माणसाला तुम्ही काय म्हणालात तेही मी ऐकलं: “भोंगेवाल्यानं चष्मा लावला की आवाज म्हातारा वाटतो.” असं भलतंच शास्त्र तुम्ही कुठून काढायचात कुणास ठाऊक. परवा रिक्षाच्या टूलबॉक्समध्ये पान्यांच्या खाली फडक्यात गुंडाळलेला चष्मा सापडला. काचांवर ओरखडे आहेत, म्हणजे वापरलाय. कुठं लावायचात? कुठल्या आडरानात रिक्षा थांबवून?

घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, “तुझ्यासाठी वडगाव येकच आसंल. भोंगा काय तुझ्यासाठी वाजतो?” मग वेशीपाशी, “गावाला आडनाव लावत जा.” मी हो म्हणालो. आईनं दारातच विचारलं, “कसा गेला दिवस?” तुम्ही तांब्याकडं बोट केलंत.

त्यानंतर तुम्ही मला माईक दिला नाहीत.

रागानं नाही, हे मला माहीत आहे. मी पुढं कंपनीत लागलो, शिफ्टा आल्या, लग्न झालं. पण सुट्टीच्या दिवशी एकदा मी मागितला होता. तुम्ही बॅटरीला पाणी घालत होता. म्हणालात, “बघू.” तुमच्या ‘बघू’चा अर्थ आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. त्यात नकार असायचा, पण दार उघडं ठेवलेला. मी त्या दारात किती वर्षं उभा होतो, तुम्हाला सांगितलं नाही.

उलट भांडायचो. मी पगारातून तो रेकॉर्ड करायचा डबा आणला, आठवतं? म्हणालो, एकदा बोला, गावोगाव तेच वाजवा, घशाला आराम. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. “समोरनं मयत चालली आसली तर तुझा डबा गप बसंल का?” मी म्हणालो, बटण आहे. तुम्ही म्हणालात, “मग बटनावर बोट ठिवून मीच बसायचं ना? त्यापरीस बोलतो.” मी म्हणालो, तुम्ही हट्टी आहात. तुम्ही बोट दाखवून पाणी मागितलंत. ते भांडण तिथंच राहिलं. आता वाटतं, निदान एकदा चोरून बटण दाबून ठेवायला हवं होतं. नदीच्या दोन्हीकडचे तालुके तुमचा आवाज ऐकत होते आणि आज तो कुठल्याच डब्यात नाही. परवा माझ्या धाकट्या लेकीनं विचारलं, “आजोबा भोंग्यावर कसं बोलायचे?” मी तिला नुसता रिक्षाच्या टपावरचा भोंगा दाखवला.

तुम्ही गेलात त्या सकाळी शिरूरहून दुसरा भोंगेवाला आला. तुमचाच हात बघून धंद्यात आलेला. म्हणाला, “बाळूभाऊ, आप्पांची रिक्षा दारात हाय, बॅटरी भरलेली हाय. तुमीच बोला. शोभंल.” सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी माईकपर्यंत गेलोही. त्याला तुमच्या लवंगेचा वास होता. पण ‘बघू’ म्हणाला होता ना तुम्ही. ते ‘बघू’ मोडायला आता तुम्हीच नव्हता. मी नकारार्थी मान हलवली. तो स्वतःची रिक्षा घेऊन गेला आणि चालत्या गाडीतून बोलला. दारात बसून मला ‘दुःखद’ ऐकू आलं, पुढचं रस्त्यात सांडलं.

मग सोपं काम म्हणून मला मेसेज मिळाला. त्याचं काय केलं ते मघाशी सांगितलंच.

तर घाट. पिंड मांडले, सगळे मागं सरले. पलीकडच्या बाभळीवर कावळा होता. एक नाही, चांगले पाच-सहा. बघत होते. खाली येईनात. ऊन चढलं. गुरुजी घड्याळ बघायला लागले. मग नेहमीचं सुरू झालं, गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते शोधायचं. आई म्हणाली, “मी नीट राहीन, औषध घेईन.” कावळा ढिम्म. नानाकाका पुढं झाले, “आप्पा, रिक्षा इकनार न्हाई.” एक कावळा उडाला आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला. कुणीतरी म्हणालं, लवंग ठेवा. ठेवली. गुरुजी म्हणाले, “दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ या का? पुढं अजून एक आहे मला.” नानाकाका मला म्हणाले, “आरं तू बोल की. पोटचा हायेस. आन् मोठ्यानं बोल.”

मला काय बोलायचं सुचेना, आप्पा. शब्द कसला देऊ? माईक द्या म्हणू? मी पाण्यात घोट्यापर्यंत उभा होतो. काठावर दोन कुत्री भुंकत होती. मी ती गप्प व्हायची वाट बघितली. का, ते मलाही नंतर कळलं. मग तोंडातून आपोआप आलं, पोटातून, “आप्पा. दहावा हाय. वडगाव रासाई. घाटावर.” आणि माणसांकडून नदीकडं तोंड फिरवून पुन्हा, “वडगाव रासाई. घाटावर.”

मागं आईनं पदर तोंडाला लावला. तुमचाच निघाला होता तो आवाज. माझ्या गळ्यातून. त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच तो माझ्या तोंडून मी ऐकला आणि मला आणखी एकदा बोलावंसं वाटलं, पण धीर झाला नाही.

कावळ्यांनी माना वळवून बघितलं. तेवढंच.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. बांड्याच्या वडगावातून आलेली माणसं उतरली, घामानं भिजलेली, कंटाळलेली, दुसऱ्या गावचा चहा पिऊन आलेली. सगळ्यात शेवटी नातवाच्या खांद्याला धरून हौसाबाई. आता कमरेत वाकल्यात, पण नजर लख्ख. घाट उतरून आल्या, तुमच्या फोटोला हात जोडले, दगडावर टेकल्या, आणि पाय दाबत विचारलं, “शिवला का?”

नानाकाका म्हणाले, “न्हाई अजून. तासभर झाला, यीना.”

हौसाबाईंनी बाभळीकडं बघितलं. मग माझ्या तुळतुळीत डोक्याकडं. आणि सगळ्या घाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“यील कसा? त्याला बी निरोप ह्यानंच धाडला आसंल. ह्ये झाडावर हितलेच रिकामटेकडे बसल्यात. आप्पांचा कावळा बसला आसंल बांड्याच्या वडगावात, ह्याच्या नावानं बोंबलत.”